पोपडा

स्टूल न्हाणीघराच्या चौकटीला घासलं आणि पांढऱ्या रंगाचा एक पोपडा सुटून माझ्या पावलावर पडला. झालं ते एवढंच. मी आधी चौकटीवर चिडले, मग स्टुलावर, मग अप्पांवर. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन या आठवड्यात व्हायचं होतं. औषधाचे थेंब, कापूस, पाण्याचं भांडं हाताशी ठेवायला कॉटजवळ काहीतरी हवं होतं, आणि घरात चांगलं धड टेबल असताना त्यांनी सकाळपासून हेच जड लोखंडी स्टूल आणायचं टुमणं लावलं होतं. म्हातारपणी माणसं हट्टाला पेटतात, घ्या बापडे, म्हणून मी ते ओढत होते. केराच्या टोपलीत टाकायला म्हणून पोपडा उचलला आणि सहज स्टुलाच्या पायाकडे बघितलं. पांढऱ्याखाली हिरवा होता.

हिरवा म्हणजे कुठलाही हिरवा नव्हे. सावलीत काळा वाटणारा आणि उजेडाकडे जरा तिरका धरला की आतून बारीक सोनेरी कण उठणारा, भुंग्याच्या पाठीसारखा. हा रंग मी झोपेतसुद्धा ओळखीन. माझ्या घरी कपाटात, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून एक थर्मास ठेवलाय. त्याच्या पोटाला पोचा आलाय आणि त्या पोच्यावर याच रंगाचा ओरखडा आहे, बोटभर. माझा नवरा रात्रपाळीला निघाला होता, सायकलवरून पडला, तेव्हा तो थर्मास त्याच्या खांद्याला होता. पडला म्हणजे पाडला. गाडी थांबली नाही, सापडली नाही, कुणाची ते कधी कळलं नाही. तिनं मागे ठेवलं ते एवढंच. लेक तेव्हा माझ्या पोटात होती. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते, आणि बाप म्हणून तिला दाखवायला माझ्याकडे एक फोटो आहे आणि तो थर्मास. इतकी वर्षं मी रस्त्यानं चालताना माणसं बघितली नाहीत, गाड्या बघितल्या. हिरवी दिसली की थबकायचं, सावलीत कशी दिसते बघायचं, उन्हात आली की मान वाकडी करायची. लोक हसायचे. बाईला गाड्यांचं वेड आहे म्हणायचे. मी शहर पालथं घातलं आणि तो रंग इथं होता, बापाच्या न्हाणीघरात. ज्या स्टुलावर बसवून मी लेकीला आंघोळ घातली, त्या स्टुलाला.

मी ओरडले नाही. ओरडायला काहीतरी कळलेलं असावं लागतं. मला अजून काही कळलेलं नव्हतं, किंवा कळलेलं होतं आणि मी त्याला आत येऊ देत नव्हते. मी ओल्या फरशीवर तशीच बसले, साडी भिजतेय हे समजूनही. नखानं पांढऱ्याची कड उचलून बघितली. दुसरा पोपडा निघाला. तिसरा. काही जोर लावावा लागत नव्हता, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा पांढरा निघत होता आणि हिरवा मोठा होत चालला होता. मला वाटलं आता थांबावं. हा जो एवढासा आहे तो झाकून टाकावा, वर फडकं टाकावं, थेंबाची बाटली ठेवावी आणि घरी जावं. खरंच वाटलं. इतकी वर्षं जे मागितलं ते हातात आलं तर पहिली इच्छा काय, तर ते परत ठेवून द्यायची.

आमच्या घरात विकतचा रंग कधी आला नाही. अप्पा गाड्या रंगवायचे, एकाच गॅरेजमध्ये, एकाच मालकाकडे, जन्मभर. गाडी ठोकून आली की पत्रेवाला पत्रा सरळ करायचा आणि तिथून पुढे अप्पांचं राज्य. खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वाळली की पाणी लावून घासायचा कागद मारायचा, अस्तर द्यायचं, पुन्हा कागद, मग रंगाचा एक हात, पुन्हा कागद, पुन्हा हात. गाडीच्या जुन्या रंगाशी जुळणारा रंग ते नजरेनं कालवायचे, आणि कालवायचे ते नेहमी थोडा जास्त, कारण मध्येच संपला तर दुसऱ्यांदा अगदी तोच येत नाही. म्हणून उरायचा. आणि उरलेला फेकायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. वाटीभर का असेना, डब्यातून घरी यायचा आणि घट्ट व्हायच्या आत कशाला तरी फासला जायचा. आमच्या खिडकीचे गज एका डॉक्टरच्या गाडीचे होते, आईच्या शिवणयंत्राचं झाकण कुठल्या कंत्राटदाराच्या, ट्रंक आगीच्या बंबाच्या लालभडक रंगाची. माझी कंपासपेटी दर थोड्या दिवसांनी निराळी. मैत्रिणी विचारायच्या, आज कुणाची गाडी आणलीस गं? आई म्हणायची, हे घर नाही, चौक आहे नुसता, कधी कोण अंगावर येईल नेम नाही. ती हे हसत म्हणायची. मला आज ते हसणंही तपासून बघावंसं वाटलं.

म्हणजे स्टूल हिरवं झालं त्याचा अर्थ एकच. ती गाडी अप्पांच्या हाताखालून गेली होती. ठोकलेली आली, आणि कुठेही काही न लागल्यासारखी परत गेली.

आणि मग मला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे काय, तो दिवस मी रोजच आठवते, पण त्यातली ही खोली मी कधी उघडली नव्हती. नवरा रात्रपाळीवरून सकाळी आला नाही तेव्हा मला वाटलं जोडून पाळी घेतली असेल, घ्यायचा तो. दुपार कलली तेव्हा जिवाला घोर लागला. संध्याकाळी पोट सांभाळत इथं आले, इकडे आलाय का विचारायला. जिना चढून दम लागला होता. दारातच हे स्टूल होतं, मी टेकणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बसू नकोस, रंग ओला आहे." हातात ब्रश होता. आईनं आतून खुर्ची आणली. दिवे लागले नव्हते, रंग कुठला ते मला दिसलं नाही, किंवा दिसला आणि काळा वाटला. अप्पा खुशीत होते, हे मला नक्की आठवतं. आईला काहीतरी सांगत होते. मालकांच्या स्वतःच्या गाडीचं काम आज एका दिवसात उरकलं, जनावर आडवं आलं म्हणे रात्री, पण आता कुठं लागलंय ते ब्रह्मदेवाच्या बापाला कळणार नाही. हे ते म्हणाले होते. का आज मी त्यांच्या तोंडी घालतेय? मी डोळे मिटून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा अप्पांचाच आवाज आला, दुसऱ्यांदा माझा. ओला आहे एवढं मात्र खरं, त्याचा वासही आला. माझा नवरा तेव्हा इस्पितळाच्या तळघरात बेवारस म्हणून पडला होता, आणि त्याला मारणारी गाडी माझ्यासमोर स्टुलावर वाळत होती, आणि माझी चिंता ही की साडीला डाग पडेल.

त्या रात्रीच ओळख पटवायला गेलो. अप्पाच माझ्याबरोबर होते. चादर बाजूला केली तेव्हा मी उभी होते, अप्पाही उभेच राहिले. ते खाली बसले ते नंतर, कारकुनानं टेबलावर त्याच्या वस्तू मांडल्या तेव्हा. चप्पल, किल्ली, थर्मास. अप्पांनी थर्मास हातात घेतला, अंगठा फिरवला आणि गुडघ्यातून गेले. मी त्यांना सावरलं. मला किती भरून आलं होतं तेव्हा, जावयावर एवढी माया! घरी सगळ्यांना सांगितलं मी ते. दुखवट्याला आलेल्या माणसांना सांगितलं. आणि दुसऱ्याच दिवशी, घरात माणसं बसलेली, कुणी रडतंय, कुणी कुजबुजतंय, आणि अप्पा मागच्या गॅलरीत स्टुलाला पांढरा रंग देत बसले होते. माझी आत्या नाक मुरडून म्हणाली, ही काय वेळ आहे? घरभर थिनरचा वास. आई म्हणाली, असू दे, त्यांच्या हाताला काम हवं. मीही मनात म्हटलं, खरंच, बिचारे. आई त्या वेळी स्टुलाकडे बघत होती की माझ्याकडे? आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला विचारायची सोय नाही. जी गेली तिच्या आठवणीतही आता माती कालवली गेली.

थर्मास पोलिसांनी ठेवून घेतला आणि पुढे परत दिला. मधल्या काळात आम्ही त्या ठाण्याचे उंबरे झिजवले. आम्ही म्हणजे मी आणि अप्पा. त्यांनी मला कधी एकटीला जाऊ दिलं नाही. बाकावर माझ्याशेजारी बसायचे, मला चक्कर आली तर पाणी आणायचे. एकदा तिथला साहेब म्हणाला, अहो, तुमचे वडील तर याच धंद्यातले, त्यांनाच विचारू की हा कुठल्या गाडीचा रंग. मला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! अप्पांनी थर्मास खिडकीशी नेला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला. आणि म्हणाले, असे शंभर असतात. साहेबानं ते ऐकलं, मीही ऐकलं. जो माणूस नुसत्या नजरेनं रंग कालवतो तो म्हणतोय शंभर असतात, तर असतील शंभर. तपास तिथंच बसला. म्हणजे कागदावर नंतर बसला, पण मोडला तो त्या खिडकीशी. मला आठवतंय, जिना उतरताना मीच त्यांचा हात धरला होता. म्हटलं होतं, अप्पा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

पुढे मालकांनी मला त्यांच्या भावाच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लावून दिलं. पोटी मूल, पदरी काही नाही, मालक देवासारखे धावून आले असं सगळे म्हणाले. मी तर पाया पडले त्यांच्या. अजून तिथंच आहे. काउंटरवर कपडे घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि डाग दिसला की विचारायचं, कशाचा आहे? कारण कशाचा ते कळल्याशिवाय कुठलं औषध लावायचं ते ठरत नाही. माणसं काय काय सांगतात. चहाचा आहे, सांगतात, आणि तो रक्ताचा असतो. मी म्हणते, साहेब, खोटं सांगितलंत तर निघायचा नाही, उलट पक्का बसेल. मग खाली बघून खरं सांगतात. मालकांचे कोट तिथंच येतात. कधी स्वतः येतात, बाप कसा आहे विचारतात, माझ्या लेकीला नोकरी लागली तेव्हा मिठाईचा खोका दिला होता त्यांनी. एवढी वर्षं मी ते कोट उलटसुलट केले. इतकी शहाणी मी, जगाच्या डागांची पारख करणारी!

आणि न्हाणीघरात बसल्या बसल्या एक गोष्ट मला अशी टोचायला लागली की बाकीचं सगळं क्षणभर मागे पडलं. हा पांढरा निघतोच कसा? अप्पांचा रंग निघत नाही. खिडकीचे गज माझ्या जन्माआधीचे असतील, ऊनपाऊस खाऊन फिके पडलेत, पण पोपडा म्हणून धरलेला नाही. घासल्याशिवाय रंग बसत नाही, हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. अभ्यासाला तेच, स्वयंपाकाला तेच, संसाराला तेच. गुळगुळीतावर दिलेला रंग दिसतो, पण धरत नाही, म्हणायचे. दुसऱ्या कुणाचं काम असं सोलून निघालं तर ते तोंड फिरवायचे, शिवी दिल्यासारखं. आणि हे स्टूल त्यांनी कागदाचं एक बोटही न फिरवता, तकतकीत हिरव्यावर तसंच पांढरं केलं होतं. घाईत असतील, म्हटलं. घरात माणसं होती. पण पुढे किती वर्षं मोकळी होती. पुन्हा घासून पक्कं करायला कोण अडवत होतं?

पोपडा मुठीत धरून मी बाहेरच्या खोलीत आले. अप्पा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ झालेत, माझी आकृती तेवढी कळते त्यांना. त्यांनी स्टुलाचा आवाज आला नाही हे ओळखलं. मान तिरकी करून जरा वेळ ऐकत राहिले. कुठून धरावं तेच मला कळेना. मग तेच बोलले, आणि अगदी हळू, पेशंटनं डॉक्टरला विचारावं तसं.

"निघाला का गं रंग?"

मी भिंत धरली. म्हणजे सकाळपासूनचं टुमणं, हेच स्टूल हवं, टेबल नको, हे त्यासाठी होतं. मी विचारलं ते माझ्या कानांना परक्या बाईसारखं लागलं. "मालकांचीच होती?"

"त्यांचीच. स्वतः चालवत होते." मग म्हणाले, "एकच हात दिला होता मी पांढऱ्याचा. बिनकागदाचा. म्हटलं, पाण्यात असतं स्टूल, वर्षभरात पोपडे धरेल. तू रोज येतेस. तुला दिसेल."

इतकी वर्षं पोपडा धरलाच नाही. बिघडवायला म्हणून दिलेला रंगसुद्धा त्या हातांनी बरा दिला, त्याला मी काय करू! मला हसू आलं, खरंच. मग जे आलं ते हसू नव्हतं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुम्हाला तोंड नव्हतं? माझ्या नवऱ्याला कुणी मारलं हे मला स्टुलानं सांगायचं? मी रोज येत होते, तुमच्या हातचा चहा पीत होते, तुमच्याशेजारी बाकावर बसत होते, तेव्हा जीभ झडली होती? लेकीला शाळेत सोडायला जायचात, तिचा हात धरताना काही वाटलं नाही? तुमच्याएवढी चीड मला त्या माणसाचीसुद्धा येत नाही. शेजारच्या खिडकीचं दार वाजलं, कुणीतरी कान दिला असणार. देऊ दे. अप्पा ऐकत राहिले, मान खाली घालूनसुद्धा नाही, माझ्या आवाजाच्या दिशेला चेहरा धरून. आणि मला दिसत होतं की ते यासाठीच बसून होते. मी बोलायला लागले म्हणून त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत होतं. त्याचा मला आणखी संताप आला. सुटका त्यांची होत होती आणि माझ्या मानेवर ते ठेवलं जात होतं.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. थर्मास हातात आला तेव्हाच कळलं. दुखवट्याच्या गर्दीत मालक आले, अप्पांना गॅलरीत घेऊन गेले, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, झालं ते झालं, मुद्दाम कुणी करत नाही. पण खुणा पुसल्यात त्या तू. मी आत गेलो तर तूही जाशील, मग या मायलेकींकडे कोण बघणार? पोरीला मी लावून देतो कुठेतरी. अप्पा म्हणाले, मी घाबरलो. तेवढंच. कारण द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत. रोज सांगणार होतो म्हणाले, आणि रोज कालच्यापेक्षा अवघड झालं. आईला ठाऊक होतं का, हे मी विचारलं. ते चादरीची कड चाचपत राहिले. मी पुन्हा नाही विचारलं.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, त्या डॉक्टरच्या गाडीच्या गजांना धरून. खाली माणसं चालली होती, कुणाला काही झालेलं नव्हतं. मी हिशेब मांडायला लागले, आणि कुठल्याही बाजूनं मांडला तरी तो माझ्याच अंगावर येत होता. गाडी केव्हाच भंगारात गेली असेल. स्टुलाचा एक पाय आणि थर्मासवरचा ओरखडा, एवढ्यावर कोण कुणाला धरतं? मालकांचा वकील दोन वाक्यांत उडवून लावेल. त्या माणसाच्या गळ्याला हात घालू शकेल अशी एकच वस्तू जगात होती, आणि ती कॉटवर बसली होती, दुधाळ डोळ्यांची, ऑपरेशनची तारीख लागलेली. ती बोलली तर मालक जातील, कदाचित. ती स्वतः मात्र नक्की जाईल, कारण ती कबुलीच देणार. आणि नाही बोलली तर एक दिवस मरेल, मी रडेन, लेक येईल, मालक हार घेऊन येतील. त्यांचा कोट नंतर माझ्याच दुकानात धुवायला येईल. या चित्राशी मी थांबले. मला लेकीला फोन करावासा वाटला आणि करवला नाही. तिला काय सांगू, बाप कुणी मारला ते सापडलं, पण त्या बदल्यात आजोबा द्यावे लागतायत?

मागे कॉट करकरली. अप्पा उठले होते. खुंटीवर चाचपडत शर्ट शोधत होते. मी म्हटलं, कुठं निघालात? ते म्हणाले, "डोळ्यांचं व्हायच्या आधी जाऊ या. दिसायला लागलं की माझं धाडस व्हायचं नाही." बटणं एक घर चुकवून लावली होती. मी ती सोडून पुन्हा लावली. लावताना मी मनात म्हणत होते, नको म्हण, आता तू नको म्हण, म्हातारा माणूस आहे, आयुष्य राहिलंय किती. आणि म्हटलं नाही. त्यांच्या छातीची हाडं बोटांना लागत होती. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, अजून होतं, तेच तर मला सहन होत नव्हतं.

वाटेत घरी थांबून थर्मास घेतला. एका हातात स्टूल, खांद्याला थर्मास, दुसऱ्या हाताला अप्पा. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, घर बदलतायत वाटलं असेल. स्टुलाचा पाय माझ्या पोटरीला लागत होता. पांढरे कण पडत होते मागे, मी वळून बघितलं तेव्हा दिसले. एकदाही अप्पांनी विचारलं नाही किती राहिलं. चौकात एक हिरवी गाडी समोरून गेली आणि माझी मान आपोआप वळली, इतक्या वर्षांची सवय. मग मी ती सरळ केली. आता बघायचं काही राहिलं नव्हतं. तरी वाटत होतं, ठाण्याला कुलूप असावं. आज कुणी नाही, उद्या या, असं कुणीतरी म्हणावं. उद्या मी आले नसते हे मला माहीत होतं.

ठाणं उघडंच होतं. साहेब बदललेला, खोल्यांना नवा रंग, बाक तेच. बाकांवर माणसं खच्चून बसली होती, कुणी उठेल असं वाटेना. टेबलामागच्या हवालदारानं काय काम ते विचारलं. मी म्हटलं, जुनी केस आहे, माझ्या नवऱ्याची, गाडी कुणाची ते सांगायला आलोय. तो स्टुलाकडे बघून जरा हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. साहेब येतायत म्हणाला, थांबा. आम्ही भिंतीशी उभे राहिलो. स्टूल समोर ठेवलं. जिन्याचे, रस्त्याचे श्रम होते, अप्पांचे गुडघे लटपटायला लागले, दंडाला धरलेल्या माझ्या हाताला ते कळत होतं. त्यांनी दुसरा हात पुढे करून स्टूल चाचपलं. इतक्या वर्षांची वस्तू, त्यांना बरोबर सापडली.

हवालदारालाही दिसलं ते. "अहो बाई, उभं कशाला ठेवलंय त्यांना?" तो म्हणाला. "आणलंय ना स्टूल, बसू द्या की आजोबांना."

मी अप्पांकडे बघितलं. एवढं एकच मी त्यांना देऊ शकत होते, टेकायला जागा. माझ्या तोंडातून शब्द कसे आले मला माहीत नाही, मी ते ठरवले नव्हते.

"बसू नका, अप्पा," मी म्हटलं. "रंग ओला आहे."

हवालदार टेबलामागून वाकला, स्टुलाला बोट लावून बघितलं, आणि कोरडं बोट माझ्यासमोर धरलं. अप्पांनी हात मागे घेतला आणि ते उभेच राहिले.